मापात पाप

चौथीच्या वर्गात वजनमापांची घटक चाचणी घेतली होती. दहा गुणांची. २३ मुलांपैकी १४ जणांना आठ किंवा त्याहून जास्त गुण मिळाले आणि मी खूश झालो. दुसऱ्या दिवशी गावातल्या वाण्याकडून जुनी तागडी मागून आणली. त्यात संशोधनाचा वगैरे काही हेतू नव्हता, 'उपक्रम' या रकान्यात काहीतरी भरायचं होतं एवढंच. वाण्याने इलेक्ट्रॉनिक काटा घेतल्यापासून तागडी माळ्यावर पडून होती. तिच्याबरोबर एक किलो, दोनशे, शंभर आणि पन्नास ग्रॅमची वजनं मिळाली. पाचशेचं वजन होतं खरं, पण तास सुरू होईपर्यंत ते कुठेतरी गायब झालं.

मी शेंगदाण्यांची पिशवी टेबलावर ठेवली आणि चाचणीत दहापैकी दहा मिळवलेल्या मुलाला म्हणालो, "पाऊण किलो मोजून दे."

त्याने फळ्यावर लगेच ७५० लिहिलं. मग वजनं हाताळून पाहिली. "सर, पाचशेचं नाही."

"नाही."

"मग नाही होणार," असं म्हणून तो जागेवर जाऊन बसला. त्याच्या आवाजात कुठेही संकोच नव्हता. सामान अपुरं आहे, गणित बरोबर आहे, असा त्याचा हिशेब.

आणखी दोघांनी मान हलवली. एका जोडीने दोनशेचं वजन तीनदा वापरून सहाशे काढले, मग शंभर आणि पन्नास एकदम. लांबचा रस्ता, पण पोचले. मग मागच्या ओळीतली एक मुलगी न बोलावता उठून आली. तिला चाचणीत तीन गुण होते. तिने एका पारड्यात किलोचं वजन टाकलं. दुसऱ्या पारड्यात दोनशे आणि पन्नास. आणि त्या दोन वजनांच्या अंगावरच शेंगदाणे ओतायला लागली. वर्गात गिल्ला झाला, "सर, ही वजनंपण मोजती!" तिने लक्ष दिलं नाही. काटा मधे आला तशी वजनं उचलली आणि पारड्यात उरलेले शेंगदाणे माझ्याकडे सरकवले. "आमची आई असंच करती. तिच्याकडं बी सगळी वजनं नसत्यात." आई गुरुवारच्या बाजारात बसते हे मला त्या दिवशी कळलं. जूनपासून ती माझ्या वर्गात होती आणि आता नोव्हेंबर चालू होता.

इथेच थांबलो असतो तर ही एक गोड गोष्ट झाली असती. पुस्तकी पोपट हरला, बाजारातली पोर जिंकली. पण मी तिला म्हटलं, "आता हे लिहून दाखव." तिने पाटीवर ७५० लिहिलं आणि माझ्याकडे बघत राहिली. हजारातून अडीचशे वजा, एवढी एक ओळ तिला लिहिता येईना. जे तिच्या हाताने नुकतंच केलं होतं, ते तिला वजाबाकी म्हणून ओळखूच आलं नाही. म्हणजे एकाला लिहिता येत होतं, पण करता येत नव्हतं. दुसरीला करता येत होतं, पण लिहिता येत नव्हतं. माझ्या गुणपत्रकात मात्र एक हुशार होता आणि एक कच्ची.

त्या रात्री पेपर पुन्हा काढून पाहिला. तीन किलो म्हणजे किती ग्रॅम, अडीच किलो म्हणजे किती ग्रॅम, साडेचार किलो म्हणजे किती. हजाराने गुणा, हे मी आठवडाभर शिकवलं होतं आणि हजाराने गुणता येतं का, एवढंच विचारलं होतं. वजनाबद्दल एकही प्रश्न नव्हता. मापात पाप होतं ते मुलांच्या बाजूने नव्हतं.

हा अनुभव एकट्या माझ्या वर्गाचा नाही. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात तेरेझिन्हा कॅराहर, डेव्हिड कॅराहर आणि अनालुसिया श्लिमन या तिघांनी रस्त्यावर नारळ, लिंबं, मक्याची कणसं विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास केला. तो १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. आधी गिऱ्हाईक होऊन जायचं, दहा नारळ कितीला, पाचशे दिले तर परत किती, असं विचारायचं. या तोंडी हिशेबांत ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. मग काही दिवसांनी त्याच मुलांना तेच आकडे कागदावर मांडून दिले. शाब्दिक उदाहरणांत बरोबर उत्तरांचं प्रमाण ७४ टक्क्यांच्या आसपास घसरलं, नुसत्या आकड्यांच्या बेरीज-गुणाकारांत ३७ टक्क्यांवर. मूल तेच, आकडेही तेच, मग बदललं काय? विचारण्याची जागा आणि विचारण्याचा कागद. पाच मुलं म्हणजे फारच लहान अभ्यास, असं कुणी म्हणेल. पण आपल्या वर्गातली एक मुलगी पाहिल्यावर पाचही पुरतात.

आता 'कृतिसंशोधन' या शब्दाकडे येऊ. डीएड, बीएड केलेल्या प्रत्येकाला तो माहीत आहे आणि बहुतेकांच्या मनात त्याच्याबरोबर झेरॉक्सच्या दुकानाचा वास येतो. मीही एक केलं होतं. 'इयत्ता पाचवीतील विद्यार्थ्यांच्या शुद्धलेखनातील चुकांचा शोध व उपाययोजना'. समस्या, संभाव्य कारणं, गृहीतक, पूर्वचाचणी, उपाय, उत्तरचाचणी, निष्कर्ष, सोनेरी अक्षरांचं बाइंडिंग. उत्तरचाचणीत मुलं सुधारली नाहीत, असं एकही कृतिसंशोधन माझ्या पाहण्यात आलेलं नाही. देशभरातल्या अशा अहवालांची बेरीज केली तर एव्हाना शुद्धलेखनाचा प्रश्न संपायला हवा होता.

मुळात हे असं नव्हतं. जर्मनीतून अमेरिकेत गेलेले मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी १९४६ मध्ये अल्पसंख्याकांच्या प्रश्नांवर लिहिताना ही कल्पना मांडली. योजना करायची, कृती करायची, काय झालं ते पाहायचं आणि त्यावरून पुढची योजना करायची. शाळेत ती आणली कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधल्या स्टीफन कोरी यांनी, १९५३ च्या पुस्तकातून. पण माझ्या मते खरी कलाटणी दिली इंग्लंडमधल्या लॉरेन्स स्टेनहाउस यांनी. १९६७ साली त्यांनी एक प्रकल्प हाती घेतला. तिथे शाळा सोडण्याचं किमान वय १५ वरून १६ होणार होतं (ते १९७२ मध्ये झालं), आणि एरवी शाळा सोडून गेली असती अशा, शिकायची फारशी हौस नसलेल्या मुलांना वर्षभर जास्तीचं काय शिकवायचं हा प्रश्न होता. स्टेनहाउस म्हणाले, युद्ध, दारिद्र्य, कुटुंब अशा वादाच्या विषयांवर त्यांची चर्चा घडवा आणि शिक्षकाने अध्यक्षासारखं तटस्थ राहावं. ऐकायला सोपं आहे. शिक्षकांनी आपल्या तासांचे टेप ऐकायचे आणि स्वतःला विचारायचं की मी मुलांना मधेच तोडतो का, चर्चेला एकमताकडे ढकलतो का. तटस्थ राहणं किती अवघड आहे, हे तिथे कळायला लागलं. १९७५ च्या आपल्या पुस्तकात स्टेनहाउस यांनी मग सरळच मांडलं, की अभ्यासक्रम ही कारखान्यातून आलेली वस्तू नाही, तो वर्गात तपासून पाहायचा एक प्रस्ताव आहे. आणि तपासणारा माणूस म्हणजे त्या वर्गाचा शिक्षक.

आपल्या बाइंडिंगवाल्या संशोधनात आणि यात एक फरक आहे, आणि सगळं त्या फरकात आहे. आपण 'विद्यार्थ्यांच्या चुकांचा शोध' घेतो. तिथे शिक्षक स्वतःवर संशय घेतो.

तसा संशय घ्यायचं मीही ठरवलं. मोबाइल खिशात ठेवून एक गणिताचा तास रेकॉर्ड केला. पस्तीस मिनिटांचा. संध्याकाळी ऐकायला बसलो आणि दहाव्या मिनिटाला बंद केला, इतकी लाज वाटली. दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐकला, या वेळी वही घेऊन. मी ४१ प्रश्न विचारले होते. त्यांतल्या १७ प्रश्नांची उत्तरं मीच दिली होती. "हजारातून अडीचशे गेले की किती? सातशे...?" आणि मुलं एका सुरात, "पन्नाऽस!" हा शेवटचा शब्द वदवून घेणं मी पंधरा वर्षं 'मुलांचा सहभाग' म्हणून लिहीत आलो होतो. २३ मुलांपैकी ज्यांची नावं मी घेतली, ती सहा. मागच्या ओळीतली ती मुलगी टेपवर एकदाच ऐकू येते: पाणी प्यायला जाऊ का.

उत्तरासाठी थांबण्याचा काळ मोजायचा प्रयत्न केला तर बहुतेक जागी मोजण्यासारखं काही नव्हतंच. नंतर कळलं की अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात विज्ञानाच्या तासांचे असंख्य टेप तपासून हेच मोजलं होतं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एक सेकंद थांबतात. तोच काळ तीन सेकंदांवर नेला की उत्तरं लांब होतात, "माहीत नाही" कमी होतं, आणि एरवी तोंड न उघडणारी मुलं बोलायला लागतात. तीन सेकंद म्हणजे किती, हे ज्याने वर्गात थांबून पाहिलंय त्यालाच ठाऊक. घशात काहीतरी अडकल्यासारखं होतं.

थांबल्यावर काय ऐकू येतं, याचं माझं आवडतं उदाहरण मिशिगनमधलं आहे. डेबोरा बॉल विद्यापीठात शिकवत असतानाच एका प्राथमिक शाळेत तिसरीला रोज गणित घेत आणि स्वतःच्या तासांचा अभ्यास करत. १९९० च्या जानेवारीत एक मुलगा म्हणाला, सहा ही संख्या समही आहे आणि विषमही. आपण काय केलं असतं? "बस खाली." त्यांनी विचारलं, कसं काय? तो म्हणाला, सहात दोनाच्या तीन जोड्या आहेत, आणि तीन विषम आहे. वर्ग पेटला. एका मुलीने दहा घेऊन दाखवलं की मग दहालाही तसंच म्हणावं लागेल, आणि असं करत गेलं तर सगळाच घोळ होईल. मुलगा म्हणाला, बरोबर, दहासुद्धा! चूक होती, पण तिच्या आत दोन, सहा, दहा, चौदा अशी संख्यांची एक खरीखुरी रांग सापडली होती. 'सहा: सम की विषम, योग्य पर्याय निवडा' या प्रश्नात यातलं काहीही उतरलं नसतं. या तासाची चित्रफीत शिक्षकांच्या प्रशिक्षणात पुढे कितीतरी वर्षं दाखवली गेली, आणि बाईंनी तेव्हा तो वाद तोडायला हवा होता की नाही यावर ती पाहणारे अजून भांडतात.

तर मूल करून दाखवतं त्यावरून त्याला जोखायचं, हे ठरलं. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत असतं. खरी अडचण पुढे आहे: जोखायचं कसं?

आमच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत एकदा आम्ही एक प्रयोग केला. चौथीतल्या एका मुलाने आठवडी बाजाराचं तोंडी वर्णन केलं होतं, तीन मिनिटांचं. त्याचं रेकॉर्डिंग अकरा शिक्षकांना ऐकवलं आणि दहापैकी गुण द्यायला सांगितलं. कुणाचे चार, कुणाचे नऊ. चार देणाऱ्या बाईंचं म्हणणं होतं, "सगळीकडे 'व्हतं', 'गेल्तो', 'म्हनला'. भाषा विषयाला मी याला पाचच्या वर कसे देऊ?" नऊ देणारे गुरुजी म्हणाले, "बैल विकणाऱ्या म्हाताऱ्याचा चेहरा दिसला का नाही तुम्हाला?" तासभर वाद झाला. चहा आला, गार झाला. शेवटी फळ्यावर दोन रकाने झाले. एक, ऐकणाऱ्याला प्रसंग दिसतो का, क्रम लागतो का. दुसरा, प्रमाणभाषा. आणि मग कुणीतरी विचारलं की त्याला आपण 'प्रमाणभाषेत सांग' असं म्हटलं होतं का? नव्हतं म्हटलं. मग न सांगितलेल्या गोष्टीचे गुण कापायचे कसे? दुसरा रकाना पुसला गेला. पण बाईंनी पटकन हार मानली नाही. "मग प्रमाणभाषेचं काम वेगळं द्या, उद्या त्याला सरपंचांना पत्र लिहायला लावा," म्हणाल्या. मला वाटतं, त्या दिवसातलं सगळ्यात शहाणं वाक्य ते होतं.

निकष ठरवताना होणारं हे भांडण टाळता येत नाही, आणि टाळूही नये. अमेरिकेच्या व्हरमाँट राज्याने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला चौथी आणि आठवीच्या मुलांचं वर्षभरातलं निवडक काम फाइलमध्ये साठवून त्यावर गुण द्यायची पद्धत आणली. रँड या संस्थेने तपासलं तर एकाच फाइलला दोन परीक्षक जे गुण देत, त्यांत फारसा मेळ नव्हता. पुढच्या वर्षी गणितात तो बराच सुधारला, निबंधलेखनात नाही. मुलांची किंवा शाळांची तुलना करायला असे गुण कुचकामी होते. पण त्याच तपासणीत शिक्षकांनी हेही सांगितलं की या फायलींमुळे आमचं शिकवणं बदललं, उदाहरणं सोडवून घेण्याऐवजी आम्ही मुलांना विचार मांडायला लावायला लागलो. म्हणजे माप म्हणून नापास, आरसा म्हणून पास. दोन्ही कामं एकाच साधनाकडून करून घ्यायचा हट्ट आपण सोडत नाही, तिथे गाडं अडतं.

आपल्या शेजारी मध्य प्रदेशात हे काम फार पूर्वी आणि फार धीटपणे झालं. होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली १६ उच्च प्राथमिक शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकवायला सुरुवात झाली. सहावी ते आठवीची मुलं स्वतः प्रयोग करत आणि आपली निरीक्षणं आपल्या शब्दांत वहीत लिहीत. मग परीक्षा कशी घ्यायची? लेखी परीक्षेला पुस्तक आणि वही सोबत आणायची मुभा दिली, कारण पाठांतर तपासायचंच नव्हतं. शिवाय प्रत्यक्ष प्रयोगाची परीक्षा. उघड्या पुस्तकातून उत्तर सापडणार नाही असा प्रश्न काढणं, ही शिक्षकांचीच परीक्षा होती. १९७८ मध्ये कार्यक्रम जिल्ह्याच्या सगळ्या उच्च प्राथमिक शाळांत गेला, १९८२ मध्ये एकलव्य ही संस्था त्याभोवती उभी राहिली. २००२ मध्ये सरकारने कार्यक्रम बंद केला. तीस वर्षं साध्या सरकारी शाळांतल्या साध्या शिक्षकांनी तो चालवला, हे मात्र विसरू नये. 'आमच्याकडे हे शक्य नाही' असं कुणी म्हटलं की मला ती सोळा गावं आठवतात.

आणि आमच्याकडे? शिक्षण हक्क कायद्यानंतर, २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. कागदावर ते सुरेख आहे. आकारिक मूल्यमापनाच्या साधनांत दैनंदिन निरीक्षण आहे, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय आहेत. लेखी चाचणी ही अनेकांतली एक. माझी तागडी त्यात सहज बसते. शिवाय प्रत्येक मुलाची वर्णनात्मक नोंद लिहायची. इथे घात झाला. नोंदींची तयार पुस्तकं बाजारात आली, मग व्हॉट्सअॅपवर पीडीएफ फिरू लागल्या. 'परिपाठात उत्साहाने भाग घेतो.' 'गणितातील संबोध स्पष्ट आहेत.' 'अक्षर वळणदार आहे.' एकाच तालुक्यात हजारो मुलं एकसारख्या उत्साहाने परिपाठात भाग घेताना दिसतात. मी स्वतः या पुस्तकांतून उतरवलं आहे, मार्चअखेरीला, रात्री अकरा वाजता, एका मुलाची नोंद चुकून दुसऱ्या मुलीच्या नावापुढे. "कबड्डी उत्तम खेळतो." शिक्षकांना शिव्या देणं सोपं आहे. दोन शिक्षकांत चार वर्ग, त्यात पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती, बीएलओचं म्हणजे मतदारयादीचं काम. यात रोज २३ मुलांचं निरीक्षण कोण लिहील?

रोज २३ मुलांचं लिहूच नये, असं मला वाटतं. मी दोघांचं लिहायला लागलो. हजेरीच्या क्रमाने दिवसाला दोन मुलं, त्यांच्यावर त्या दिवशी खास नजर. विशेषणं बंद. फक्त काय केलं आणि काय म्हटलं. 'संबोध स्पष्ट नाही' ऐवजी '४०३ मधून १७८ वजा करताना शून्याकडे उसनं मागितलं, मिळालं नाही म्हणून ३ मधून ८ उलटे वजा केले.' अशी एक ओळ असली की दुसऱ्या दिवशी काय शिकवायचं हे कुणाला विचारावं लागत नाही. अडीच आठवड्यांत पट संपतो, मग पुन्हा एक नंबर. आणि दर शनिवारी एक ओळ स्वतःबद्दल. ती लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागायचा.

त्या मुलीला लिहितं करायला मला फेब्रुवारी उजाडला. तिच्याशी बाजार-बाजार खेळताना प्रत्येक वजनाला मी चिठ्ठी करायला लावली: डाव्या पारड्यात काय, उजव्या पारड्यात काय. मधे काट्याची एक रेघ. कितीतरी दिवस ती नुसती चित्रं काढत होती. मग एक दिवस रेघेच्या जागी तिने आपणहून बरोबरचं चिन्ह काढलं. दहापैकी दहावाला मुलगा तिचं गिऱ्हाईक असायचा. तो अजूनही तागडीला हात लावायला कचरत होता, पण तिच्या चिठ्ठ्यांतल्या चुका मात्र बरोबर पकडायचा, आणि ती त्याला वजन कुठल्या पारड्यात टाकायचं ते सांगायची. संकलित चाचणीत तिला साडेपाच गुण मिळाले. पाहणाऱ्याला यात विशेष काही वाटणार नाही.

मेमध्ये कपाट आवरताना जुन्या हजेरीपटांच्या मागे पाचशेचं वजन सापडलं. पुसून पाहिलं, आणि होतं तिथेच परत ठेवलं. जूनमध्ये नवी चौथी येणार होती.